एका सेंटिमीटरने आखूड

दीड वाजल्यापासून त्या घरात कुणी एका जागी बसत नव्हतं.

आत्या खिडकीशी जायची, रस्ता न्याहाळायची, परत यायची आणि खुर्चीला नीट टेकण्याआधीच पुन्हा उठायची. धाकटा फोन कानाला लावून जिना चढत होता, उतरत होता. त्याची बायको कपबशा धुऊन झाल्या तरी नळापासून हलत नव्हती. आणि थोरली मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आत जावं की बाहेर यावं, हे तिच्या पायांना ठरवता येत नव्हतं.

मागच्या खोलीत थोरलीच्या वडिलांचं, आप्पांचं टेबल होतं आणि टेबलावर ट्रेलर. रणगाडे वाहून नेणारा, चोवीस चाकांचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाने बनवलेला. बाजारातला तयार संच आणून जोडलेला नव्हे. प्लॅस्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून एकेक पट्टी कापून, इंजेक्शनच्या सुयांच्या तेलनळ्या करून, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबमधून पट्टे काढून बनवलेला. दोन वर्षं लागली होती. आप्पांनी तरुणपणी असाच ट्रेलर सव्वीस वर्षं ओढला होता. वाळूतून, चिखलातून, अर्धवट पुलांवरून. आता चार वाजता रेजिमेंटच्या संग्रहालयाची गाडी येणार होती आणि हा त्यांच्या काचेच्या पेटीत जाऊन बसणार होता.

"ताई, किती वेळा बघशील?" धाकटा मागून आला. "नजर लागेल त्याला."

"धूळ बसतेय का बघत होते."

"सुंदर झालाय. खरंच." त्याने मान पुढे काढली, पण हात मागे बांधलेले ठेवले. लहानपणापासूनची शिकवण. "मी लिफ्ट तपासतो, रोज शंभर बोल्ट बघतो. हे इवलेसे बोल्ट बघून मलाच पाना काढावासा वाटतोय. आप्पांचा हात अजून असा चालतोय म्हटल्यावर मी काय बोलणार."

याच एका वाक्यावर थोरलीचं घर उभं होतं. मागच्या वर्षी आप्पा जिन्यात घसरले, तेव्हा धाकट्याने त्यांना आपल्या गावी, आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं होतं. खोलीही रिकामी केली होती. मग बहीणभावांत बरंच वाजलं आणि शेवटी तोच म्हणाला होता, जोवर आप्पा टेबलावर बसून काम करतायत, तोवर मी शब्द काढणार नाही. काम थांबलं की मात्र मी घेऊन जाणार.

काम थांबून दोन वर्षं झाली होती. हे फक्त तिला माहीत होतं.

आप्पांच्या डोळ्यांचं मधलं गेलं होतं. कडेचं दिसायचं; दार, खिडकी, माणसाची आकृती. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं विरून जायचं. म्हणून ते तुमच्याशी बोलताना तुमच्या कानाच्या बाजूला बघत, आणि घरातली मंडळी म्हणत, म्हातारा आता विचारात असतो. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना आप्पा तिला एवढंच म्हणाले होते, "आपल्या दोघांत राहू दे."

राहिलं. दिवसा ते टेबलाशी बसत, चाचपून पट्टी कापत, तिरकी चिकटवत. पहाटे पाचला, ते उठायच्या आधी, थोरली दिवा लावून ती पट्टी सोडवायची, नवी कापायची, त्याच जागी लावायची. दातांच्या कवळ्या बनवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. साच्यात ओतणं, घासणं, केसाएवढी फट ओळखणं, हे तिच्या बोटांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चोवीस टायर तिने कवळीच्याच मसाल्यात ओतले होते. सकाळी आप्पा बसत, कालच्या कामावरून बोट फिरवत आणि म्हणत, "जमलंय की." ती चहा पुढे करत म्हणायची, "तुम्हाला कधी जमलं नाही?"

इतकं गोड खोटं ती आयुष्यात दुसरं बोलली नव्हती.

*

"चला," आप्पांनी बैठकीतून हाक दिली. "जागा घ्या."

पूर्ण झालेली गाडी कपाटाबाहेर काढायची नाही, हा आप्पांचा नियम होता. ट्रेलरवर चढवायचा याच मापाचा रणगाडा आठ वर्षांपूर्वी झाला होता, आई असताना. तेव्हापासून तो काचेआड होता. ट्रेलरवर तो एकदाच चढायचा, तोही सगळ्या घरासमोर. नोकरीतही तसंच असे: एक जण समोर उभा राहून वाट दाखवणार, दोघे मागच्या चढत्या फळ्यांशी, म्हणजे रॅम्पशी, बाकीचे गप्प. त्यामुळे आधी बसवून बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

"आक्का, तू डाव्या रॅम्पला," आप्पांनी बहिणीला सांगितलं. "सूनबाई उजव्या. दाब देऊ नका, नुसतं बोट. चढवायचा धाकट्यानं."

"मी?" धाकटा दचकला. "मला नका सांगू. मी बनवलेली जीप आठवतेय ना? सगळे साबणाची वडी समजले होते."

"तुझ्या आईनं खरंच मोरीत ठेवली होती," आत्या म्हणाली.

हसू फुटलं. थोरलीही हसली आणि तेवढ्यापुरतं तिचं काळीज जागेवर आलं.

"आणि ताई?" भावजयीने विचारलं. "त्यांना काय काम?"

आप्पा थोरलीच्या कानाच्या बाजूला बघत म्हणाले, "ती समोर उभी राहील. वाट दाखवायला."

धाकट्याने रणगाडा दोन्ही तळव्यांवर घेतला. मांजराचं पिल्लू घ्यावं तसा. रॅम्पवर टेकवला, बोटाने ढकलला. साखळ्यांचे पट्टे रॅम्पवरून वर सरकले, ट्रेलरच्या सपाट पाट्यावर आले. "डावीकडं," थोरली म्हणाली. "थोडा. सरळ. ये, ये, ये." पट्टे पुढच्या अडसराला टेकले. "बस."

"रॅम्प उचला," आप्पा म्हणाले.

आत्याने डावा उचलला. तो अर्ध्यावर आला आणि रणगाड्याच्या पाठीला लागून थांबला. भावजयीचाही तिथेच थांबला. दोन्ही रॅम्प नमस्काराला वाकल्यासारखे तिरके राहिले.

"पुढं घे अजून," आत्या म्हणाली.

"पुढं जागा कुठंय?"

"मग मागं काय अडतंय?"

धाकटा खाली वाकला. हातातलं काम सोडून तो आता आपल्या धंद्यावर आला होता. एक डोळा मिटला, गाल टेबलाला टेकवला. मग सरळ झाला आणि हळूच म्हणाला, "पाटा आखूड आहे."

आत्याने रॅम्पवरचं बोट काढून घेतलं.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"सेंटिमीटरभर. म्हणजे खऱ्यात..." त्याने मनात पस्तीसने गुणलं. "हातभराच्या आसपास. आप्पा, असा ट्रेलर रस्त्यावर आला असता तर तुम्हीच त्याला चढू दिला नसता."

आप्पा उठले, भिंतीला हात न लावता मागच्या दारातून गच्चीत गेले आणि तिथे येरझाऱ्या घालू लागले. सात पावलं जायची, सात यायची. त्या घरात त्यांना प्रत्येक पाऊल पाठ होतं.

*

"मी म्हणत होतो ते हेच," धाकटा दबक्या आवाजात बोलत होता, पण बोटं टेबलावर वाजत होती. "चुका होणार. वय झालं. मला राग नाही आलेला, ताई, मला वाईट वाटतंय. पण आता तरी ऐक. आज रात्रीच्या गाडीचं एक तिकीट जास्तीचं आहेच माझ्याकडे."

"आधीच काढून आलास?"

"काढून ठेवायला काय हरकत?"

"एका सेंटिमीटरसाठी माणूस हलवतात का, रे?"

"एक सेंटिमीटर लिफ्ट खाली थांबली की माणूस तोंडावर पडतो. मी रोज बघतो."

भावजय इतका वेळ ओल्या हातांनी उभी होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पण तिकडं ते पडणार नाहीत कशावरून? इथं त्यांना दिसत नसतानाही फिरता येतं. आपल्या घरात तर दोन उंबरे आणि मुलांचे बूट."

धाकट्याची वाजणारी बोटं थांबली.

"दिसत नसताना म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"मला काय माहीत," ती गोंधळली. "जेवताना बघितलं. ते ताटाकडं बघत नाहीत, ताटाच्या बाजूला बघतात. माझे आजोबा तसंच बघायचे. मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहितीय."

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. थोरलीने खाली बघितलं. एवढ्यावर सगळं उघडं पडलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि हा?" त्याने ट्रेलरकडे बोट केलं. "हा कुणी बनवला?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात आत्याने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. आत्या आजवर थोरलीच्या बाजूची. मागच्या वर्षी धाकट्याला चार शब्द सुनावून घरी पाठवणारी तीच. पण आज तिच्या डोळ्यांत वेगळंच पाणी होतं.

"मला खरं सांग," आत्या म्हणाली. "तुला माझा भाऊ हवाय, की त्याचं टेबल?"

"आत्या, काय बोलतेस?"

"काय बोलतेय ते तुला कळतंय. आंधळ्या माणसाला रोज त्या खुर्चीत बसवायचं, त्याच्या हातून वाकडं करून घ्यायचं आणि त्याच्या पाठीमागं सरळ करायचं. ही सेवा आहे होय? का तो बसतोय म्हणून तुला बसायला मिळतंय?"

थोरलीला रागवायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तिला पहाटेचा तो दिवा आठवला, पत्र्यावरून सुरी फिरताना येणारा बारीक कर्र आवाज, आणि घड्याळ सहाकडे सरकू लागलं की मनात येणारा तो विचार, जो तिने कधी पुरता मनात येऊच दिला नव्हता: आज ते थोडे उशिरा उठू देत.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

आत्याने तिचं मनगट सोडलं. जिथे धरलं होतं तिथे अंगठ्याने हलकेच चोळलं. "मला वाटलं होतं, तू भांडशील," ती म्हणाली. "भांडली असतीस तर बरं झालं असतं, बाई."

*

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा आप्पा टेबलाशी बसलेले होते. रणगाडा बाजूला काढून ठेवलेला. ते ट्रेलरवरून बोटं फिरवत होते, पुढून मागे. पाट्याखालच्या आडव्या दांड्या मोजत होते. धाकटा शेजारी उभा होता, हाताची घडी घालून, आणि त्याच्या तोंडावर राग आणि रडू यांची ओढाताण चालली होती.

"दांड्या बरोबर आहेत," आप्पा म्हणाले. "अकरा. पण दोन दांड्यांमधली जागा सगळीकडं चिमूटभर कमी. म्हणजे चूक कापण्यात नाही. चूक मापात आहे. थोरले, पाट्याची लांबी तू किती धरलीस?"

"साडेएकोणीस."

"मी किती सांगितली होती?"

"साडेवीस."

"मग?"

"मग वजा एक," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा हात तोंडावर गेला.

आप्पांची पोलादी पट्टी टोकाला मोडकी होती. कधीकाळी त्यांनी त्या पट्टीनेच रंगाचा डबा उघडला होता आणि पहिला सेंटिमीटर तुटून गेला होता. नवी पट्टी घ्यायला ते तयार नव्हते. त्यामुळे त्या घरात माप घ्यायची रीतच पडली: आप्पांनी पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि लिहून घेणाऱ्याने त्यातून एक वजा करायचा. आईने केला, मग थोरलीने केला. या ट्रेलरची बाकी सगळी मापं थोरलीने आपल्या धड पट्टीने नकाशावरून घेतली होती. पाट्याची लांबी मात्र आप्पांनी हट्टाने स्वतः मोजली होती. भिंग लावून, मान तिरकी करून, पाऊण तास.

"मी साडेएकवीस वाचलं," आप्पा सावकाश म्हणाले. "म्हटलं, हिच्यामागं आधीच एवढी कामं. निदान वजाबाकी तरी आपण करू. करून सांगितलं."

"आणि मी परत केली."

"दोघांनीही केली," धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की कसला, त्यालाच कळलं नसावं. "वा. एकमेकांना विचारायचं नाही, अशी शपथ घेतलीय का तुम्ही दोघांनी?"

आत्या खुर्चीवर बसली. दीडनंतर पहिल्यांदाच नीट, पाठ टेकून.

"आप्पा," थोरली म्हणाली. "मला सांगायचंय. ट्रेलर..."

"तू बनवलास."

"तुम्ही कापलेलं मी काढायचे."

"पहाटे. पाचला. चपला काढून यायचीस." आप्पा हसले. त्यांनी ट्रेलर उचलून अलगद उलटा केला. "मी खालच्या बाजूला कधी कानस फिरवली आहे? सूनबाई, तुला सांगतो, खालची बाजू फक्त रस्ता बघतो. मी तिथं वेळ घालवत नाही. आणि इथं बोट फिरव. साय आहे साय. वरून तशी, खालून तशी. का? तर कवळीची आतली बाजू जिभेला लागते, हिरडीला लागते. हिची सवय. दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं होतं."

थोरली एक पाऊल पुढे आली. "मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमचं टेबल आहे. तुमचं काम."

"आणि मी उठलो असतो तर तू बसली असतीस? टेबलावर चादर टाकली असतीस. रोज धूळ झटकली असतीस. मी तुला ओळखत नाही?" आप्पांचा आवाज खाली आला. "याला दहा वर्षं धरून बसवलं मी इथं. याला कंटाळा. तू दारात उभी राहायचीस. आणि मी काय म्हणायचो?"

"रंग लागेल कपड्यांना. जा आत."

"हं." त्यांनी ट्रेलर सुलटा करून ठेवला. "मग तू लग्न करून गेलीस, ते मोडून परत आलीस, तेव्हाही मी म्हटलं नाही की बस. मला जेव्हा दिसेनासं झालं, तेव्हा तू आपण होऊन बसलीस. मी म्हटलं, बसतेय तोवर आपण हलायचं नाही. माझ्या नावाखाली का होईना."

धाकटा आता खाली बसला होता, आप्पांच्या गुडघ्याशी. "म्हणजे तुम्हाला इथं राहायचं नव्हतं?"

"मला कंटाळा येतो रे इथं," आप्पा म्हणाले, लहान मुलासारखे. "दिवसभर ही कामावर. मी वाकड्या पट्ट्या कापत बसतो, त्या वाकड्या आहेत हे मला माहीत. तुझ्याकडं तुझी पोरं भांडतात, फोनवर ऐकू येतं. बरं वाटतं. मला तिकडं यायचंय. सहा महिने झाले, सांगता येत नव्हतं."

थोरलीला कळेना, आपण जिंकलो की हरलो. ज्यासाठी दोन वर्षं ती चपला काढून चालली होती, ते तर उठून निघालं होतं. आणि जे मागायची तिची हिंमत नव्हती, ते समोर मांडून ठेवलेलं होतं, दिव्यासकट. तिला एकदम खूप रिकामं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या बोटांना कळलं होतं की कापायचं कुठे.

"उंबऱ्यांचं काय?" भावजय म्हणाली.

"काढून टाकू," धाकटा म्हणाला.

"आणि बूट?"

"ते पोरांना तू सांग. माझं ऐकत नाहीत."

*

चार वाजायला दहा मिनिटं असताना खाली गाडी थांबली. संग्रहालयाचा माणूस जिना चढून आला. एका हातात फोमची पेटी, दुसऱ्यात पावतीपुस्तक. दार आप्पांनी उघडलं.

"नमस्कार साहेब. तयार आहे ना?"

"नाही."

"पण फोनवर आपण म्हणालात, पूर्ण झालाय."

"मी म्हणालो," आप्पा म्हणाले. "जिनं बनवलाय, ती नाही म्हणाली. आत या. पण पाय वाजवू नका."

मागच्या खोलीत खिडक्यांचे पडदे सारलेले होते आणि दुपारचं सगळं ऊन टेबलावर आलं होतं. थोरली आप्पांच्या खुर्चीत बसली होती. बाही कोपरापर्यंत सारलेली. ट्रेलर लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये आडवा धरलेला, एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. पाट्यावर सहाव्या दांडीला लागून पेन्सिलची बारीक रेघ होती. थोरलीने केसासारखी पातळ करवत त्या रेघेवर ठेवली. दोन वर्षांचं काम. सगळे बघत होते. पहाट नव्हती, कुणी झोपलेलं नव्हतं.

"धरलंय?"

"धरलंय," धाकटा म्हणाला.

"श्वास सोड आधी. हलतंय."

करवत पहिल्यांदा पुढे गेली, मागे आली. पांढरा भुगा रेघेच्या दोन्ही बाजूंना पडला. आप्पा दारात उभे होते, मान कलती करून, आणि आवाज ऐकत होते.

"बाई," संग्रहालयाचा माणूस कुजबुजला, "म्हणजे हा कापताय? किती वेळ लागेल साधारण? खाली गाडी उभी आहे, तिकडे आमचे साहेब वाट बघतायत."

त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी खांदे उडवले आणि हाताने टेबलाची दिशा दाखवली.

"मधे तुकडा घालायचा, तो सुकायचा, मग रंग," थोरली म्हणाली. मान वर केली नाही. "उद्या दुपारी या."

"उद्या? बाई, मी वर काय सांगू?"

"सांगा, अजून माझ्या मनासारखा झाला नाही."

आणि ती पुढे कापत राहिली.